जुना आठवडा, उत्तम स्थितीत

माणूस जुनी सायकल घेतो, जुनं कपाट घेतो, फारच अडचण असली तर जुना कोटही घेतो. चौकशीसाहेबांनी जुना आठवडा विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा मात्र इमारतीतल्या लोकांनी आधी त्यांच्या तब्येतीची विचारपूस केली.

चौकशीसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. बसस्थानकावर ‘चौकशी’ अशी पाटी असलेल्या खिडकीमागे ते बसत, म्हणून हे नाव पडलं, असं ते स्वतः सांगत. बरोबरचे लोक वेगळं सांगत. खिडकीशी आलेल्या माणसाने “दुपारची गाडी कधी आहे हो?” असं विचारलं, की साहेब त्याला “कुणाकडे निघालात?”, “एकटेच?”, “मग एवढी मोठी बॅग कशाला?” असं विचारत सुटत, आणि तेवढ्यात दुपारची गाडी निघून जाई. त्यात दुष्टपणा कणभरही नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. जगात इतक्या बॅगा इकडून तिकडे जातात आणि त्यांत काय असतं हे आपल्याला कधीच कळणार नाही, याची त्यांना मनापासून हळहळ वाटे.

अशा माणसाच्या नजरेला जाहिरात पडली: ‘तळ्याकाठचा आठवडा विकणे आहे. उत्तम स्थितीत.’

आठवडा उत्तम स्थितीत म्हणजे कसा, हे काही त्यांना कळेना. सोमवार शाबूत आहे? शनिवारला कुठे चीर वगैरे नाही? त्यांनी जाहिरातीखालच्या नंबरावर फोन लावला तो केवळ हे विचारायला. पलीकडच्या दलालबाईंनी अतिशय गोड आवाजात सगळं समजावून सांगितलं. तळ्याकाठी एका कंपनीचं मोठं विश्रामधाम आहे. त्यातली तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनीवाली खोली दरवर्षी एका ठरलेल्या आठवड्यापुरती तुमच्या मालकीची. बाकीचे आठवडे बाकीच्या मालकांचे. याला टाइमशेअर म्हणतात. कंपनीकडून कोरा आठवडा घ्यायचा तर तुमच्या-माझ्यासारख्याचे डोळे पांढरे होतील. पण एका डॉक्टरांनी आपला आठवडा विकायला काढलाय, तो अगदी स्वस्तात पडेल. यंदाचा मुक्काम ते करतील, पुढच्या वर्षापासून तुम्ही.

“पण डॉक्टर का विकतायत?” साहेबांनी विचारलं.

“वैयक्तिक कारण आहे,” दलालबाई म्हणाल्या.

वैयक्तिक! साहेबांच्या जिवाला तिथेच घोर लागला.

घरी बायकोला सांगताना त्यांनी प्रत्येक आक्षेपाचं उत्तर तयार ठेवलं होतं. सगळी इमारत तिला वहिनी म्हणे. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर लोकांना “हे नीट दिसतंय की ते?” असं विचारून घरी आली की फारसं काही विचारत नसे. तिने सगळं ऐकून घेतलं, ताटं पुसून ठेवली आणि म्हणाली, “घ्या.”

“अगं, पण दरवर्षी एकाच जागी जाऊन कंटाळा येईल, असं नाही वाटत तुला?”

“घ्या म्हटलं ना.”

आपले सगळे मुद्दे न वापरता परत गेले, याचं साहेबांना थोडं वाईटच वाटलं.

सौदा ठरला. डॉक्टरांची सही झाली, साहेबांची सही झाली, आणि दलालबाई म्हणाल्या, “अभिनंदन! आता फक्त थांबायचं.”

“कशासाठी?”

“कंपनीचा पहिला हक्क असतो ना. तुम्ही ज्या भावात घेताय, त्याच भावात कंपनीला वाटलं तर ती स्वतः तो आठवडा घेऊ शकते. मग तुमचा सौदा रद्द. नाही घेतला, तर तुमचा. त्यांचं उत्तर आलं की शेवटच्या कागदावर सह्या, आणि संपलं.”

“किती दिवस लागतील?”

“कधी लवकर येतं, कधी उशिरा.”

हे वाक्य ऐकून चौकशीसाहेब फोन धरून तसेच उभे राहिले. गेली कित्येक वर्षं ते स्वतः खिडकीतून लोकांना हेच वाक्य देत आले होते. ते आपल्याच कानात पडल्यावर कसं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फारच वाईट लागतं.

इथपर्यंत त्यांनी गप्प राहायला हवं होतं. पण गप्प राहणं हा त्यांचा प्रांत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात विमाकाका भेटले. विमाकाका तळमजल्यावर राहत आणि आयुष्यभर लोकांना विमा विकत आले होते. त्यामुळे कुठल्याही चांगल्या बातमीत दडलेला अपघात त्यांना लगेच दिसायचा.

“म्हणजे कंपनीने घेतला तर तुमच्या हातून गेला,” विमाकाकांनी हनुवटी खाजवत सार काढलं.

“हो. पण नाही घेणार बहुतेक.”

“नाही घेणार? का नाही घेणार?” विमाकाकांनी आवाज खाली आणला. “साहेब, खोली त्यांची, तळं त्यांच्या दारात, आतली सगळी माहिती त्यांना. आणि इतकी स्वस्त मिळत असून ते नको म्हणणार! याचा अर्थ काय?”

याचा अर्थ चौकशीसाहेबांच्या डोक्यात जिन्याच्या चौथ्या पायरीवर शिरला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत पुरता उलगडला. कंपनीने आठवडा घेतला, तर तो चांगला होता आणि गेला. नाही घेतला, तर मिळाला, पण फालतू निघाला. म्हणजे चांगला आठवडा आपल्याला मिळण्याची काही सोयच या व्यवहारात नव्हती!

त्यांनी हे कोडं वरच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या मावशींना घातलं. मावशी गाण्याचे वर्ग घेत आणि सल्लाही वरच्या पट्टीत देत. “अहो, कंपनीला काय कळतंय! मला एका संगीत-शाळेने नको म्हटलं होतं, म्हणून काय माझा आवाज वाईट झाला?” हा दिलासा होता खरा, पण मावशींचा आवाज रोज सकाळी छतातून ऐकणाऱ्या साहेबांना तो फारसा लागू पडला नाही.

त्यानंतर इमारतीला विषयच मिळाला. जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी एकच प्रश्न: “काय, आलं का कंपनीचं?” ज्यांनी आयुष्यात तळं पाहिलं नव्हतं, तेही तळ्याकाठच्या ओलीबद्दल बोलू लागले. कुणी म्हणालं, खाली वाद्यवृंद वाजत असणार. कुणी म्हणालं, डास. विमाकाकांनी तर डॉक्टर हयात आहेत ना, याची खात्री करून घ्यायला सांगितलं.

साहेब दलालबाईंना आधी दिवसाआड, मग रोज, मग जेवणाच्या सुट्टीत आणि चहाच्या सुट्टीत फोन करू लागले. दलालबाईंच्या आवाजातला गोडवा हळूहळू उतरला. शेवटी शेवटी त्या “नाही आलं” एवढंच म्हणत आणि फोनवर बासरीची धून लावून देत. साहेब बासरी ऐकत बसत. इकडे खिडकीसमोर रांग वाढत जाई. रांगेतल्या एका गृहस्थाने विचारलं, “साहेब, तुम्ही कुणाची चौकशी करताय?” तेव्हा त्यांच्या स्वाभिमानाला चांगलाच ओरखडा गेला.

मग त्यांनी थेट कंपनीलाच गाठलं. तिथल्या कारकुनाने सांगितलं, “तुमचं प्रकरण विचाराधीन आहे.”

“कोण विचार करतंय?”

“वरिष्ठ.”

“काय विचार करतायत?”

हा प्रश्न कारकुनाला आजवर कुणी केला नसावा. “ते कळल्यावर कळवू,” तो म्हणाला आणि त्यानेही बासरी लावली. तीच धून होती. साहेबांना आता ती पाठ झाली होती. दाढी करताना ते नकळत गुणगुणत, आणि मावशी वरून सूर दुरुस्त करत.

शेवटी त्यांना राहवेना. कंपनीला जे माहीत आहे ते आपणही माहीत करून घ्यायचंच. आणि जाऊन बघायचं तर तोच आठवडा असताना बघायचं. उगाच भलत्या आठवड्यात जाऊन काय उपयोग? डॉक्टरांचा यंदाचा मुक्काम नेमका त्याच सुमाराला होता. साहेबांनी घरी “कामाचं प्रशिक्षण आहे, दिवसभर बाहेर आहे,” असं सांगितलं. वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. खांद्यावर दुर्बीण होती, डोक्यावर उन्हाची टोपी.

“मीही येते प्रशिक्षणाला,” ती म्हणाली आणि चपला घातल्या.

बसने पोचायला दुपार झाली. विश्रामधामाच्या फाटकाशी पहारेकऱ्याने अडवलं. “मालक की पाहुणे?”

“त्या दोन्हीच्या मधले,” चौकशीसाहेब म्हणाले.

पहारेकऱ्याने जरा विचार केला आणि त्यांना ज्या दालनात पाठवलं, तिथे गार सरबत, मऊ खुर्च्या आणि टाय लावलेला एक जाडजूड गृहस्थ त्यांची वाट पाहत होता. तो कंपनीचा विक्रेता होता. नवे आठवडे खपवणं हा त्याचा धंदा. त्याने दोघांना भिंतीवर तळ्याची चित्रं दाखवली. तळं सकाळी, तळं संध्याकाळी, तळ्यात बदक, बदकाशिवाय तळं. खरं तळं खिडकीबाहेर होतं, पण तिकडे पडदा ओढलेला होता.

“काही लोक जुने आठवडे घेतात,” विक्रेता दुःखाने म्हणाला. “स्वस्त पडतात म्हणून. दया येते हो त्यांची.”

“का?” साहेब खुर्चीच्या काठावर आले. “काय खोट असते त्यांच्यात?”

“आता मी तुम्हाला काय सांगू!”

“नाही, सांगाच!”

विक्रेत्याला इतका उत्सुक माणूस पूर्वी भेटला नव्हता. त्याला वाटलं, गिऱ्हाईक पक्कं होतंय. साहेबांना वाटलं, गुपित आता बाहेर येतंय. दोघंही एकमेकांकडे झुकून बराच वेळ बोलत राहिले आणि दोघांच्याही हाती काही लागलं नाही. सरबताचे पेले तेवढे रिकामे झाले. मधेच विक्रेता आणखी चित्रं आणायला आत गेला, तशी साहेबांनी बायकोला खूण केली, “तू याला धरून ठेव,” आणि ते दुर्बीण सावरत जिन्याने वर सटकले.

तिसरा मजला. लांब बोळ, पायाखाली जाड गालिचा. त्यांनी खोलीचा नंबर शोधला, दाराला कान लावला. आत कुणीतरी शिंकलं. आता खरं तर परत फिरायचं होतं. पण बोटांनी दार आधीच वाजवलं होतं.

दार उघडलं. समोर ओले केस टॉवेलात गुंडाळलेल्या, हातात शब्दकोड्याचं पान धरलेल्या एक वयस्क बाई उभ्या होत्या. डोळ्यांवरून चष्मा खाली घेत त्यांनी विचारलं, “कोण तुम्ही?”

“मी... चौकशीला आलोय.”

“आलात एकदाचे!” बाई बाजूला झाल्या. “किटलीची तक्रार करून किती दिवस झाले! या आत.”

चौकशीसाहेब आत गेले. खोटं ते एक अक्षरही बोलले नव्हते, असं त्यांनी नंतर पुष्कळदा सांगितलं. या डॉक्टरांच्या बायको, डॉक्टरीणबाई. त्यांनी साहेबांना किटली दाखवली. ती गरम व्हायची, पण मधूनच शिटी मारून गप्प बसायची. साहेबांनी ती उलटी करून पाहिली आणि गंभीरपणे “हं” म्हटलं. एवढ्या “हं”ने बाईंना धीर आला. मग त्यांनी एकेक करून सगळंच दाखवलं. बाल्कनीचं दार अडकतं, खांद्याने ढकलावं लागतं. न्हाणीघरात गरम पाणी येतं, पण गार नळातून. कपाट आपोआप उघडतं. शेजारच्या खोलीतला गृहस्थ सकाळी जोरजोरात गुळण्या करतो. साहेब प्रत्येक गोष्टीपाशी थांबून, वाकून, हात लावून बघत होते. त्यांचा चेहरा आनंदाने उजळला होता. कंपनीला जे माहीत होतं, ते सगळं त्यांना आता कळत होतं.

“इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस या कंपनीत पहिल्यांदाच बघतेय मी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

इतक्यात उघड्या दारातून वहिनी आत आली. विक्रेत्याला तिने त्याच्याच चष्म्याचा नंबर चुकल्याचं पटवून दिलं होतं, आणि तो डोळे चोळत बसला होता. तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “हीच का हो आपली खोली?”

किटलीने शिटी मारली.

“आपली?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुणाची आपली?”

साहेब घाईघाईने कपाट बंद करू लागले. वहिनीला किटलीच्या चौकशीचं काही माहीत नसल्याने तिने सरळ सांगून टाकलं, “म्हणजे पुढच्या वर्षीपासून हो. अजून कंपनीचं उत्तर यायचंय. तुमच्या डॉक्टरांनी विकलीय ना आम्हाला.”

आणि नेमके तेव्हाच डॉक्टर तळ्यावरून परत आले. ते दातांचे डॉक्टर होते, उंच आणि किडकिडीत. कमरेला टॉवेल होता, अंगावरून पाणी ठिबकत होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना “तोंड उघडा” म्हणून सांगितलं होतं. आता त्यांचं स्वतःचं उघडं पडलं.

“अहो, हे लोक म्हणतायत खोली त्यांची आहे.”

“हो का?” डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले.

“तुम्ही विकलीत?”

“विकली असं नाही. म्हणजे, तुझी सही शेवटच्या कागदावर लागते म्हणाले. म्हणून म्हटलं, शेवटी सांगू.”

चौकशीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. या सौद्यात कंपनीचीच भीती धरून ते इतके दिवस बसले होते. दुसऱ्या मालकिणीला सौद्याचा पत्ताच नाही, ही शक्यता विमाकाकांनासुद्धा सुचली नव्हती! आणि ती बातमी फोडायला आपणच बस पकडून आलो.

“का विकलीत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हा प्रश्न साहेबांनाही विचारायचाच होता, म्हणून ते भीती विसरून पुढे सरकले.

डॉक्टर पलंगाच्या कडेवर टेकले. “मला पाणी आवडत नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही आवडलं. तळ्यात उतरलो की दात वाजतात माझे. मला एकदा डोंगर बघायचा होता. नाहीतर वाळवंट. कुठलंही कोरडं. पण तुला इथे इतकं आवडतं, दरवर्षी तू महिनाभर आधी सामान भरायला घेतेस...”

“मला?” डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरचा टॉवेल सोडून खाली आपटला. “मला आवडतं? अहो, दवाखान्यातून तुम्ही बाहेर पडता ते फक्त इथे येण्यासाठी, म्हणून भरते मी सामान! शब्दकोडी सोडवून सोडवून माझे डोळे गेले इथे. त्या गुळण्या करणाऱ्या माणसाच्या मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली, मी गुळण्या ऐकतेच आहे!”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?”

भांडण चांगलंच रंगलं. साहेबांनी मध्यस्थी करायला म्हणून “म्हणजे नक्की कितव्या वर्षापासून कंटाळा आला?” असं विचारलं, तर दोघंही एकदम त्यांच्यावर उलटले. मग कुणी किटली हलवली, कुणी कपाट बंद केलं, ते पुन्हा उघडलं. शेवटी डॉक्टरीणबाई डोळे पुसत हसायला लागल्या, आणि डॉक्टर टॉवेलासकट थरथरत त्यांच्याकडे बघत राहिले. “करते सही,” त्या म्हणाल्या. “उद्या म्हणाल तर उद्या करते. पण आता घरी कुणी काही लपवायचं नाही. आणि डोंगर मी निवडणार.”

या सगळ्या गडबडीत वहिनी कुठे गेली, याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती खांद्याने दार ढकलून बाल्कनीत जाऊन बसली होती. निघताना साहेबांना तिला दोन-तीनदा हाक मारावी लागली.

परतीच्या बसमध्ये चौकशीसाहेबांनी कुणाच्याही बॅगेची चौकशी केली नाही. त्यांचं समाधान झालं होतं, हीच मोठी पंचाईत होती. त्यांना आता सगळं कळलं होतं आणि त्या खोलीत कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. अडकणारं दार, उलटे नळ, गुळण्या, आणि ज्या दोघांची ती खोली होती त्या दोघांनाही तिचा कंटाळा! आता कंपनीनेच घ्यावा हा आठवडा, असं त्यांच्या मनात आलं. आपल्यावर नकाराचा ठपकाही नको, आणि खोलीही नको.

“छान आहे नाही?” शेजारी बसलेली वहिनी म्हणाली.

“हो,” साहेब म्हणाले. “छानच.”

तेव्हापासून त्या घरात दोन माणसं एकाच उत्तराची उलटसुलट वाट पाहू लागली. इमारतीतल्या लोकांनी “आलं का?” विचारलं, की वहिनी म्हणायची, “येईल, चांगलंच येईल,” आणि साहेबही म्हणायचे, “येईल, चांगलंच येईल.” दोघांच्या चांगल्याचा अर्थ वेगळा होता. वहिनीने दुकानात पुढच्या वर्षीची सुट्टी मागून ठेवली. इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच सुट्टी, हे दुकानाच्या मालकाने रस्त्यात थांबवून साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांना रस्त्यातच घाम फुटला.

आणि एके दिवशी कामाच्या वेळेत दलालबाईंचा फोन आला. त्यांनी स्वतःहून केलेला हा पहिला फोन. आवाज पुन्हा गोड झाला होता.

“उत्तर आलं! कंपनीला नकोय तुमचा आठवडा. अभिनंदन!”

‘कंपनीला नकोय’ आणि ‘अभिनंदन’ ही दोन्ही एका दमात ऐकून साहेबांना नक्की काय वाटलं, ते सांगता येणं अवघड आहे. सह्यांना कधी येताय, असं बाई विचारत होत्या. साहेब म्हणाले, “कळवतो,” आणि बाईंनी बासरी लावायच्या आत फोन ठेवला.

आता एक सोपी वाट होती. घरी जाऊन “कंपनीने घेतला,” एवढंच सांगायचं. विमाकाका खांद्यावर हात ठेवतील, मावशी काहीतरी करुण आळवतील, वहिनी ताटं पुसेल. कुणाला काही कळणार नाही. साहेबांनी हे वाक्य मनात दोन-चारदा म्हणून पाहिलं. म्हणता म्हणता त्यांना पलंगाच्या कडेवर बसलेले, पाणी ठिबकणारे डॉक्टर दिसू लागले. ‘म्हटलं, शेवटी सांगू.’ त्यांनी खिडकीत ‘थोड्या वेळात येतो’ची पाटी लावली आणि ते तडक चष्म्याच्या दुकानात गेले.

वहिनी एका आजोबांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होती. साहेब रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, “कंपनीने नाही घेतला. आपल्याला मिळतोय.”

तिचा चेहरा उजळला. ते बघून साहेबांना पुढचं बोलवेना, पण ते बोलले. “आणि खरं सांगू? कंपनीने घ्यावा असंच मला वाटत होतं. अगं, दार अडकतं, नळ उलटे आहेत, सकाळी गुळण्या. तुला त्या खोलीत असं आवडलं तरी काय?”

वहिनीने हातातल्या चष्म्याची काच फुंकर घालून पुसली. मग उजेडाकडे धरून बघत म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही सगळे आत भांडत होतात ना?”

“हो.”

“मी बाल्कनीत बसले होते. कितीतरी वेळ. मला कुणी काही विचारलं नाही. हे कुठाय, ते कधी, हे नीट दिसतंय की ते. कुणी हाकसुद्धा मारली नाही. दरवर्षी तेवढं मिळालं तरी पुरे मला. नळ उलटे असू देत.”

चौकशीसाहेबांच्या ओठांवर लगेच काही प्रश्न आले. तुला एरवी इतकं कुणी छळतं का, हा पहिला. त्याचं उत्तर त्यांना दुकानातल्या सगळ्या आरशांत दिसलं. छोटे, गोल, चौकोनी, आणि प्रत्येकात ते स्वतः. तेव्हा ते म्हणाले, “बरं. संध्याकाळी सह्या करून येऊ.”

“चष्मा हवाय का तुम्हाला?” मागच्या गिऱ्हाइकाने खांद्यावर टिचकी मारली. “नसेल तर सरका.”

शेवटच्या कागदावर चौघांच्या सह्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सर्वांत मोठी सही केली. विमाकाकांनी मिळालेल्या आठवड्याबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि गुळण्यांपासून संरक्षण देणारा विमा निघत नाही, याबद्दल खेदही.

पुढच्या वर्षी ठरलेल्या दिवशी ते दोघं तळ्याकाठी पोचले. वहिनीने सामान ठेवलं, दार खांद्याने ढकललं आणि बाल्कनीत जाऊन खुर्चीत बसली. पाय कठड्यावर टाकले. साहेब खोलीत राहिले. त्यांनी किटली उघडून ठीक केली, मग ती पुन्हा बिघडली. नळांची अदलाबदल समजून घेतली. पलीकडच्या गृहस्थाशी ओळख करून घेतली आणि गुळण्या मिठाच्या पाण्याच्या असतात, हेही विचारून घेतलं. बाल्कनीच्या काचेतून त्यांना बायकोची पाठ दिसत होती. ती तळ्याकडे बघत होती, की पलीकडच्या झाडांकडे, की डोळे मिटून होती, काही कळत नव्हतं. ते जाणून घ्यायला त्यांचा जीव अगदी तळमळत होता. एकदा ते दारापर्यंत गेलेही. तिथून परत आले आणि कपाट बंद करू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या, कुठल्याशा डोंगरावरून. मागे वारा घोंगावत होता. डॉक्टर चढ चढताना धापा टाकतात पण खाली उतरायला तयार नाहीत, दात मात्र इथेही वाजतातच, आता थंडीने, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग जरा थांबून, हळूच विचारलं, “आणि काय हो, कशी आहे आमची...?”

“मजेत आहे,” साहेब म्हणाले.

“कोण, खोली?”

“दोघी.”

“वहिनी काय करतायत?”

चौकशीसाहेबांनी पुन्हा एकदा काचेपलीकडे पाहिलं. कठड्यावरचा एक पाय दुसऱ्या पायावर चढला होता.

“काय माहीत,” ते म्हणाले. “मी विचारलं नाही.”